सहा फुटी टाकी आणि सात सोंडवाले

मी, खाली सही करणारा, निवृत्त प्लंबर, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, ते बरंच केलं.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नीचं. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना निम्मं निम्मं. बैठकीची खोली वीस वर्षं माशांच्या टाकीनं अडवली, त्यावरून पत्नी जे जे बोलली ते सगळं रास्त होतं.

२. पाने, करवत व आटे पाडायचं यंत्र मुलीला. तिला नळ दुरुस्त करता येतो. जावयाला येत नाही. त्यानं हात लावू नये.

३. धाकट्या भावाला काही नाही. टाकीचा स्टँड त्यानं वेल्डिंग करून दिला, तो एका अंगाला कलला, तर म्हणे फरशीच वाकडी आहे. आता थकलो, माफ केलं. तरी काही नाही.

४. टाकी मुलाला. लावली तेव्हा सव्वा महिना तीत एकही मासा सोडला नाही, नुसतं पाणी फिरवत ठेवलं. शेजारी हसले. पण फिल्टरच्या स्पंजमध्ये बारीक जीवाणू वस्तीला आल्याशिवाय माशांची घाण पचत नाही. म्हणून तो स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीही नाही. मग सात सोंडवाले मासे आणले. हनुवटीच्या सोंडेनं वाळू चाचपत हिंडायचे. सोबत एक चिवट, लांबोडका, वर येऊन हवा घेणारा. आज तेवढाच उरला आहे.

५. बारा वर्षांपूर्वी मी दोन दिवस मुलीकडे गेलो, तेव्हा माशांना मुलानं खायला घातलं. मी परतल्यावर तीन दिवसांत सातही सोंडवाले मेले. जास्त खायला घालून पाणी नासवलंस, असं मी ठरवूनच टाकलं. म्हणालो, "तुझ्याच्यानं एक जीव सांभाळला जात नाही."  महिन्याभरात तो वेगळा राहायला गेला.

खरं असं की परतलो त्या संध्याकाळी, कंटाळा आला म्हणून, स्पंज मी नळाखाली खळखळून धुतला. जन्मभर नळाचं काम केलं. त्या पाण्यात जीवाणू मारणारं क्लोरीन असतं हे मला कोणी सांगायला नको होतं. चूक माझी. आठवड्याभरात माझ्या लक्षातही आली. पण बापाचा तोरा आडवा आला. परवा सून पत्नीला म्हणाली, तो घरात मांजरसुद्धा ठेवू देत नाही. म्हणतो, माझ्या हाती जीव टिकत नाही. त्याच रात्री हे कलम लिहायला घेतलं.

६. वरील कलमं माझ्या मृत्यूनंतर लागू व्हावीत, असं लिहिलं होतं. पत्नीनं वाचलं आणि म्हणाली, "मेल्यावर सांगणार? मग त्यानं भांडायचं कोणाशी?" तेव्हा पाचवं कलम आजपासून लागू. तिनं मुलाला फोन लावून हातात दिला आहे. सही नंतर करतो.

ठिकाण: बैठकीची खोली
दिनांक: चार मार्च

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार: १. डॉक्टर २. समोरचे किराणा दुकानदार
(सही आमच्यासमक्ष झाली. पाऊण तास थांबावं लागलं. आमची हरकत नाही.)