आता बोलू की नको

गुरुवार, १२ नोव्हेंबर. गुरुग्राम

आज लिफ्टमध्ये मुग्धाने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा मोठ्याने बोलले असणार, सगळे वळून बघत होते. दोन वर्षांपूर्वी कान गेले, तेव्हापासून आवाज किती चढतो ते मलाच कळत नाही. पण पोटच्या पोरीने असं गप्प करावं?

घरी आल्यावर तिला फोनवर लिहिलं, ‘आजपासून बोलणं बंद. लिहूनच सांगेन.’

मग दिल्लीतलं आमचं सरकारी क्वार्टर आठवत बसले. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायचे, ‘मुग्धा, वरण गार होतंय!’ पार्कातली पंजाबी मुलं माझी नक्कल करत तिला घरी पिटाळायची. तेव्हा या आवाजाची लाज कुणालाच नव्हती. आणि आज ते बोट...

जेवताना ती समोर बसली. मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाली, ‘आई, सॉरी. बाबा गेल्यापासून मला मुगू म्हणणारी तूच एक आहेस.’ डोळे भरले होते तिचे.

राग टिकेना. बाहेर लिहीन, ठरवलं. घरात मात्र...

‘मुगू, भात घे,’ म्हणाले. आवाज कसा निघाला कोण जाणे. तिने ताट पुढे केलं.