आक्काच्या हातचं पाणी

सोलापूर,
९ जानेवारी २०२५

ती. मायाक्कांस,
तुमच्या भावजयीचा, रुपालीचा, सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर खाटेवरून तुमच्या भावाला ऐकू जातं, म्हणून पत्र लिहितेय. ह्यांच्या कंपनीतले सोमशेखरभाऊ वैरागला निघालेत, त्यांच्याकडे देते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, टाळूचं न् टॉन्सिलचं ऑपरेशन आहे, आठवडाभर दुखणं वाढेल, पण पाणी पोटात गेलंच पाहिजे. तुम्ही होतात तोवर जात होतं. तुम्ही गेलात आणि ह्यांनी तोंडच मिटलं. मी पेज नेली की हात आडवा. गिळताना कळ कानापर्यंत जाते, कळतंय मला. पण तीच कळ तुमच्यासमोर कशी सोसवत होती? सोमवारी दाखवायचंय. तोवर असंच राहिलं तर पुन्हा भरती करून सलाईन लावणार.

आक्का, राग मानू नका. तुमच्या हातून वाटी रिकामी झालेली बघून मला बरं वाटायला हवं होतं. मी मोरीत नळ सोडून रडले. झोपेत ह्यांचा श्वास अडकायचा तेव्हा दोन वर्षं हलवून उठवणारी मी, आणि गुण तुमच्या हाताला!

लोभ आहेच, त्यातला थोडा ह्यांच्यापेक्षा मला जास्त द्यावा.
रुपाली

वैराग,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. रुपाली हिस,
मायाक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आदी राग आला, मग हसू. माज्यावर जळतीस व्हय? मग माजंबी ऐक की. बिभीषणाचा श्वास दोन वर्सं अडकत हुता, हे मला कळलं दवाखान्यात, डॉक्टरच्या तोंडनं! सख्ख्या भनीला! तुमी दोगांनी दुखनं वाटून घेतलं आन मला परक्यागत ठिवलं. तवा मीबी तुज्यावर लई जळले. मेंढरं व्यायला झाली न्हायतर हलले नसते तितनं.

माज्या हाताला गुन न्हाय. तू औशद आन पेज एकदमच पुडं करतीस, बगितलंय मी. आदी औशद दे. आर्धा घंटा जाऊ दे, कळ बसली की गार पानी, घोट घोट. कळ उटायची वाट बगू नगंस, येळ झाली की डॉक्टरनं सांगितल्यालं औशद द्यायचं, झोपला आसला तर उटवून.

आन त्यो रडला हुता माज्याम्होरं. आय गेली तवापास्नं मीच भरवलाय त्याला, माजी लाज न्हाय. तुजी हाय, म्हनून हात आडवा लावतो. तू बाजूला हू नगंस.

माया हाय, तुजा राग उतरला की आनकी वाढंल.
मायाक्का

सोलापूर,
१३ जानेवारी २०२५

ती. मायाक्कांस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. औषध दिलं, थांबले, मग गार पाणी. पहिल्याच घोटाला डोळ्यांतून धार लागली, ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी खाटेपलीकडे जाऊन भिंतीला चिकटून बसले. ह्यांना तोंड लपवायला जागाच उरली नाही. रडत रडत वाटीभर पाणी प्यायले. आता पेजही जातेय. दुखतं अजून, पण आज डॉक्टर म्हणाले, भरती नको.

एक गोष्ट कळवावी का नाही, कालपासून ठरत नव्हतं. ऑपरेशननंतर काल ह्यांना पहिल्यांदा आवाज फुटला. समोर मी, वाटी माझ्या हातात, आणि पहिला शब्द निघाला ‘आक्का’. तुमची मेंढरं व्याली का, विचारत होते. असा जीव जळला म्हणून सांगू! कळवलं नसतं तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. पण तो शब्द तुमचा आहे, म्हणून धाडतेय.

त्यानंतरचा शब्द माझ्यासाठी होता. तो काय, ते मात्र सांगणार नाही.

आहे तेवढा लोभ राहू द्या.
रुपाली