खालच्या खोलीची आणि दोन झेंड्यांची व्यवस्था

मी, जनाबाई गोमाजी नाखवा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी मासळीविक्री, सध्या घरकाम व वाचन, राहणार मोठागाव, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला दोन माणसे येऊन गेली, त्यांची नावे पुढे येतील. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे यजमान गोमाजी तीन वर्षांपूर्वी वारले. वरचे राहते घर आणि रस्त्यालगतची खालची खोली त्यांनी हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केली होती. त्यामुळे दोन्हींची विल्हेवाट लावण्याचा अधिकार माझा एकटीचा आहे. कोणत्याही गटाचा नाही.

२. वरचे घर, पोस्टातली ठेव आणि माझे दागिने माझी एकुलती मुलगी दक्षता हिला द्यावेत. ती ठाण्याला नोकरी करते, तिला यातले काही नको असते, म्हणूनच तिला देते.

३. मासे कापायची माझी विळीही दक्षतानेच ठेवावी. तिच्या ओट्यावर ती मावणार नाही. तरी ठेवावी. तिच्या शाळेची फी त्या विळीने भरली आहे.

४. खालची खोली. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हिच्यावर डोळा आहे.

लग्न होऊन मी आले तेव्हा या खोलीत जाळी ठेवत. पुढे खाडीत मासळी राहिली नाही आणि यजमानांनी खोली पक्षाला वापरायला दिली. भाडे नाही, कागद नाही. पक्षाचे नाव मी इथे लिहीत नाही, फुकट जाहिरात नको. यजमान शाखाप्रमुख झाले. नळजोडणी, जन्मदाखला, नवराबायकोची भांडणे, सगळे या खोलीत सुटायचे. निवडणुकीत इथेच मतदारयाद्या गल्लीवार वेगळ्या केल्या जात, चिठ्ठ्या लिहिल्या जात, आणि पोह्यांचे पातेले वरून माझ्या हाताने उतरे.

मी चौथीपर्यंत शिकलेली. खरे वाचन शाखेत येणाऱ्या वर्तमानपत्रांवर शिकले. तिथल्याच कपाटात एकदा पक्षाची घटना सापडली, छापलेली, कोरी करकरीत. तिच्यात लिहिले होते की शाखाप्रमुख दर तीन वर्षांनी प्राथमिक सदस्यांनी गुप्त मतदानाने निवडावा. मी यजमानांना विचारले, "तुमची निवडणूक कधी झाली हो?"

ते हसले. "जने, आपल्यात नेमणूक असते. ठाण्याहून साहेब सांगतात."

"मग दारोदार जाऊन मत द्या म्हणून कुठल्या तोंडाने सांगता?"

"पोहे झाले का बघ," ते म्हणाले.

पक्ष वाईट असे माझे म्हणणे नाही. एकट्या बाईचा अर्ज पालिकेत टेबलाखाली जातो, शाखेचा शिक्का असला की तोच अधिकारी खुर्ची पुढे करतो, हे मी पाहिले आहे. माणसे एका विचाराने एकत्र आल्याशिवाय राज्य चालत नाही. पण त्या माणसांनी आपला पुढारी आपण निवडायचा असतो. वरून नेमलेला माणूस वरच बघत राहतो. तिकिटांचेही तेच. आयुष्यभर राबलेला सतरंज्या उचलत राही, आणि अर्ज भरायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या पक्षातून आलेला पाहुणा उमेदवार होई. यजमानांचे तिकीट दोनदा असे गेले. दोन्ही वेळा त्यांनी त्याच पाहुण्याच्या प्रचाराचा नारळ फोडला.

५. जयेश. हा शेजारच्या मथुराबाईचा मुलगा. यजमानांनी त्याला हाताला धरून शाखेत आणला, बूथवर बसवला, पुढे नगरसेवक केला. माझ्या ताटात तो जेवला आहे.

पक्ष फुटला तेव्हा जयेश एका गटात गेला आणि शाखेतलाच दगडू तांडेल दुसऱ्यात. खरा पक्ष कोणाचा, चिन्ह कोणाचे, हे ठरायचे होते, म्हणून दोन्ही गट पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करत होते. जयेश स्टँपपेपर घेऊन आला. "काका, इथे सही करा. पक्षाचं काम आहे." यजमानांनी केली. मग दगडू आला. "दादा, पक्षासाठी एक सही पाहिजे." यजमानांनी तीही केली. एकही कागद वाचला नाही. पक्षाचा कागद आणि तो वाचून बघायचा, हे त्यांना अविश्वासाचे वाटे. त्यांच्या लेखी पक्ष एकच होता.

एकाच माणसाची सही दोन्हीकडे निघाली तेव्हा दोन्ही गटांनी त्यांची हकालपट्टी केली. कारणही दोघांचे एकच छापून आले: पक्षविरोधी कारवाया. बाजारात लोक त्यांना "दोन्हीकडचे" म्हणू लागले. जयेशला पक्के ठाऊक होते की काकांना हे गट कळलेलेच नाहीत. त्याने एक शब्द टाकला असता तर पुरे होता. मी त्याला गाठून विचारले.

"काकी, माझ्या हातात काय आहे? वरून आलंय."

"तुला बूथवर बसवलं ते वरून आलं होतं का रे?"

तो मोबाईल बघत राहिला.

यजमान त्यानंतर खालच्या खोलीत उतरले नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत. एकदा मला म्हणाले, "जने, मी नक्की कुठल्या पक्षातून निघालो गो?" त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधीच ते गेले.

जयेशला मी माफ केलेले नाही. मी गेल्यावर "काकींनी शेवटी माफ केलं" असे कोणी भाषणात सांगितले तर ते खोटे समजावे आणि हे कलम वाचून दाखवावे.

६. दोन झेंडे. ज्यांना दोघांनी काढून टाकले होते त्यांच्या प्रेताला दोघेही झेंडा घेऊन आले.

"काका आमचेच होते."

"तुमचे कसे? सही आमच्याकडे आहे."

"पहिली आमच्याकडे आहे!"

प्रेत दारात ठेवलेले. तेवढ्यात जयेशला फोन आला की त्याच्या गटाचे साहेब ठाण्यातल्या खोपटहून निघालेत, फोटो झाल्याशिवाय उचलू नका. मग कोणीतरी तोडगा काढला, छातीवर एक झेंडा घालू आणि पायांवर दुसरा. तर छाती कोणाची यावरून पुन्हा जुंपली. मी उठले, दोन्ही झेंडे ओढून काढले, यजमानांचा कोळी रुमाल, कमरेला गुंडाळायचा तो, त्यांच्या अंगावर घातला आणि म्हणाले, "उचला." साहेबांना रिकामे दार मिळाले.

ते झेंडे माझ्या ट्रंकेत आहेत. जयेशच्या गटाचा झेंडा दगडूला द्यावा आणि दगडूच्या गटाचा जयेशला. धुऊन, इस्त्री करून. उद्या दोघांची युती झाली की लागतील.

७. श्रद्धांजलीचे दोन फ्लेक्स. दोन्हींवर आपापले साहेब दारापेक्षा मोठे, एकावर जयेश आणि दुसऱ्यावर दगडू त्याखालोखाल, आणि मेलेला माणूस कोपऱ्यात टिकलीएवढा. यजमानांचे चेहरे मी कापून घेतले, ते दक्षताने जपावेत. उरलेल्यावर मी गच्चीत सुकट वाळवते. माल चांगला आहे, पाणी धरत नाही. हा उपयोग पुढे चालू ठेवावा, छापील बाजू वर करून.

८. आता खोली कोणाला, ते. पालिकेची निवडणूक लागणार अशी हवा झाल्यापासून जयेश पुन्हा काकी काकी करू लागला आहे.

"काकी, शाखेला काकांचं नाव देतो. तू फक्त खोली लिहून दे."

"नाव तू कधीच वापरून संपवलंस. बोर्ड तुझा आहे ना? घरी ने."

"एवढा सीझन तरी जाऊ दे!"

दगडूही आला. त्याने फुलांचा हार आणला होता आणि तो घालायला फोटो शोधत होता. तो सांगत होता तेही हेच. दोघांचेही बोर्ड मी उतरवले. भिंतीतली स्क्रूची भोके बुजवू नयेत.

खोलीची मालकी दक्षताकडे राहील. तिने तिथे गावातल्या मुलींना अभ्यासाला आणि वाचायला बसू द्यावे. माझी पुस्तके आणि ते कपाट तिथेच राहील. मात्र जो गट, किंवा दुसरा कोणताही पक्ष, मोठागावातल्या आपल्या सगळ्या सदस्यांना, बायांसकट, बोलावून गुप्त मतदानाने शाखाप्रमुख निवडेल आणि मते चौकात सगळ्यांसमोर मोजेल, त्याला ही खोली संध्याकाळी विनाभाडे वापरायला द्यावी. पुढची निवडणूक टाळली त्या दिवशी काढून घ्यावी. जयेश असा उभा राहून जिंकला तर त्यालाही द्यावी. माझा राग खोलीला लावू नये.

दक्षता म्हणाली, "आई, असं कोणी करणार नाही. म्हणजे खोली त्यांना कायमची बंदच."

मी म्हटले, "तेच त्यांना जातायेता दिसू दे."

यासाठी खोलीच्या दारावर पक्षाच्या घटनेतले ते कलम ऑइलपेंटने, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहून घ्यावे. खाली लिहावे: "खोली तयार आहे. निवडणूक घ्या." पेंट उडाला की पुन्हा मारावा.

९. माझ्या प्रेतावर कोणताही झेंडा घालू नये. कोणाची वाट पाहू नये. यजमानांचा दुसरा रुमाल घरातल्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

या मृत्युपत्रास साक्षीदार म्हणून मी जयेश आणि दगडू, दोन्ही घरांतल्या बाया बोलावल्या आहेत. दोघींना यातून काही मिळत नाही. दोघींना सगळी कलमे वाचून दाखवली. पाचवे वाचताना मी थांबले. मथुराबाई म्हणाली, "थांबू नको गो. पोर माझा आहे, मला नाही तर कोणाला ऐकवशील?" मग सहावे, सातवे, आठवे तिने माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचले, बोट ठेवून, सावकाश.

माझ्या यजमानांनी न वाचता दोन सह्या केल्या. मी ही एक वाचून करते.

लिहून देणार: जनाबाई गोमाजी नाखवा (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
१. मथुराबाई धोंडीबा भोईर, जयेशची आई (सही)
२. सुमन दगडू तांडेल (सही)

ठिकाण: खालची खोली, मोठागाव, डोंबिवली पश्चिम
दिनांक: ७ ऑक्टोबर २०२५