माझ्या नावाची सोय

मी, आव्हाटाक, वय चोपन्न, धंदा शिकारीचा, राहणार सिओरापालुक, उत्तर ग्रीनलंड, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कुणी उरलेलंच नाही.

घर सरकारी आहे. ते गळक्या खिडकीसकट सरकारने परत घ्यावे.

रायफल दुकानदार उमाकला द्यायची होती. पण साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणे, आणि त्याने साक्षीदार व्हायची घाई केली. तेव्हा रायफल माझी पुतणी नादुक हिला.

स्लेजही नादुकलाच. स्लेजचे सांधे चामड्याच्या वादीने बांधलेले आहेत; त्यांत कुणी खिळा ठोकू नये.

आत्ताचे कुत्रेही तिलाच, म्हणजे बेवारस म्हणून त्यांना गोळी घालायची वेळ येणार नाही. अट एकच. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ इलान्नुआक, याने त्यांच्यामागे चाबूक घेऊन बसू नये. कारण अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे, पण वस्ती शिष्ट आहे, म्हणून मीच लिहितो.

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही पाहुण्यांना घेऊन निघालो होतो. कोवळ्या बर्फावर माझी म्होरकी कुत्री पुआलुक खाली बसली. म्होरकी बसली की उतरून बर्फ टोचून बघायचा, हे आमच्या शेंबड्या पोरांनाही कळतं. स्लेज इलान्नुआक हाकत होता.

"उतर, टोचून बघ," मी म्हणालो.

"दादा, म्हातारी झाली ती. तुझ्यासारखीच कुरकुरते."

पाहुणे हसले. मग त्याला उतरायची लाज वाटली. त्याने चाबूक ओढला. पुआलुक उठली आणि गेली. बर्फ फुटला, कुत्रे पाण्यात गेले, आणि त्याने कुत्र्यांच्या दोऱ्या कापल्या. कापल्या ते बरोबरच, नाहीतर आम्हीही गेलो असतो. पाहुणे वाचले, त्यांचे कॅमेरेही वाचले.

कॉफी पिताना तो सगळ्यांना म्हणाला, "कुत्रीने दगा दिला."

तेव्हापासून तो मला दादा म्हणालेला नाही, आणि मी त्याला काहीच म्हणालेलो नाही.

तो चाबूक इलान्नुआकला. भिंतीवर टांगावा, पाहुण्यांना आवडेल.

शेवटी माझं नाव. नादुकला दिवस गेले आहेत. मुलगा होवो की मुलगी, नाव आव्हाटाकच ठेवावे. मग आमच्या रिवाजाप्रमाणे, मेलेल्याचं नाव मिळालेलं ते बाळ म्हणजे मीच, आणि इलान्नुआकला आपल्या नातवंडाला दादा म्हणावं लागेल. रोज, सगळ्यांसमोर.

"मेल्यावरही त्याचं डोकं खाणार का रे?" हे लिहिताना शेजारी बसलेल्या उमाकने विचारलं.

"मेल्यावर मला दुसरं काम काय?"

नादुक चहा ओतत होती. म्हणाली, "काका, बाबांना जमायचं नाही."

"त्याची जीभ, तो बघेल."

आणखी एक. पोर चालायला लागलं की इलान्नुआकने त्याला बर्फावर न्यावं. पोर मध्येच खाली बसलं, तर बाबापुता करून उठवू नये. आधी बर्फ टोचून बघावा.

सही: आव्हाटाक
साक्षीदार: उमाक, दुकानदार (रायफलीबद्दल नाराज), मार्था, प्रार्थना सांगणारी
सिओरापालुक, फेब्रुवारी, सूर्य परत दिसला त्या दिवशी