डावं वळण

३ फेब्रुवारी
गाडी गॅरेजमधून आणली. डावीकडे वळताना पुढच्या चाकाशी कटकट व्हायची, म्हणून अॅक्सल बदलून घेतला. मेकॅनिकचं म्हणणं, खराब उजवा आहे, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. म्हटलं, डावीकडे वळताना आवाज येतो तर डावाच बदल, मला शेंडी लावू नकोस, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. त्याने मुकाट्याने डावा बदलला. चिरंजीवांना फोन करून कळवलं, गाडी ठणठणीत. त्यांनी बजावलंय, पुन्हा रस्त्यात बंद पडली तर विकून टाकणार. ज्याला मी चालायला शिकवलं, तो मला चालवू नकोस सांगतो.

५ फेब्रुवारी
डावीकडे वळले. कटकट. नवीन पार्ट आहे, रुळायला वेळ लागणारच. नवे बूटही चावतात.

८ फेब्रुवारी
कटकट वाढली. रेडिओ मोठा केला. थांबली.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
इलाज सापडला. डावीकडे वळायचंच नाही. चौक ओलांडून लागोपाठ तीनदा उजवीकडे वळलं की तोच रस्ता लागतो. साधी भूमिती. लायब्ररीत पोचले तेव्हा ती बंद झाली होती. त्यांच्या वेळा अत्यंत गैरसोयीच्या आहेत. तक्रार करणार.

१४ फेब्रुवारी
शेजारीण विचारत होती, सकाळपासून सारख्या आमच्या गेटवरून जाताय, काही हरवलंय का. म्हटलं, तुम्हाला खिडकीत बसायला वेळ बरा मिळतो.

१८ फेब्रुवारी
चिरंजीव उद्या येताहेत. स्टेशनवरून मीच आणणार. एकदा माझं ड्रायव्हिंग बघितलं की विकायची भाषा बंद होईल. रस्ता ठरवला आहे. सगळी वळणं उजवी.

१९ फेब्रुवारी
सुरुवात उत्तम. मग चिरंजीव म्हणाले, "आई, घर डावीकडे राहिलं."
म्हटलं, माहीत आहे, मी राहते तिथे.
"मग वळ ना."
रेडिओ मोठा केला. त्यांनी बंद केला. वळले. कडाड. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलेना. भर चौकात तिरकी. मागे हॉर्नवर हॉर्न. लोकांना घाई फार. मेकॅनिकला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, उजवा तुटला. चिरंजीवांनी विचारलं, मग डावा बदलायला सांगितलं कोणी?
"बाईंनी."
चुगलखोर.

२६ फेब्रुवारी
गाडी विकली. मीच परवानगी दिली, नाहीतर कुणाची हिंमत होती? चालणं तब्येतीला चांगलं. लायब्ररीत पायी गेले. ऐटीत डावीकडे वळले.
कटकट.
उजवा गुडघा. भार तिकडे येतो म्हणे.
कुणाला सांगायची गरज नाही. उद्यापासून उजवीकडून जाईन.