तुझे शेअर्स विकण्याआधी

प्रिय नितीन,

सकाळी घरमालक आला होता. हे घर विकायला काढतोय. म्हणाला, आधी तुम्हालाच विचारतो, घेणार का? तेव्हापासून तुझ्यावर चिडून बसले आहे, आणि भांडायला तू नाहीस, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी त्याने याच टेबलाशी हेच विचारलं होतं, आठवतं? तू त्याच्यासमोर मला मराठीत म्हणालास, "जगात एवढी उलथापालथ चाललीय, आत्ता घर घेणं म्हणजे वेडेपणा. भाव पडतील, थांब." आपल्या या लिक्सलिप गावात भाव कुठे पडले रे?

आणि साठवलेलं सगळं कुठे घातलंस? स्वतःच्याच कंपनीच्या शेअर्समध्ये. पगार तिथला, बोनस तिथला, बचतही तिथेच. "मी रोज आत जातो, मशीन्स डोळ्यांनी बघतो," म्हणायचास. बाजाराने तुझी मशीन्स बघितली नाहीत. शेअर घसरला तेव्हा हीच संधी म्हणत आणखी घेतलेस. मित्र तुला धाडसी म्हणायचे. मला वाटतं, तू घराला घाबरलास आणि कंपनी ओळखीची होती, एवढंच.

फेब्रुवारीत तू गेलास, कंपनीच्या पार्किंगमध्ये, हार्ट अटॅकने. पुढे शेअर्स माझ्या नावावर झाले, तरी मी विकले नाहीत. विकले असते तर तू चुकलास हे पक्कं झालं असतं. ते आणखी खाली गेले.

इरा शाळेतून आली तेव्हा मी हॉट प्रेसमध्ये विरजण ठेवत होते. बॉयलरशेजारच्या त्या कपाटात दही लागतं हा तुझाच शोध. घरमालकाचं सांगितलं, तर तिने विचारलं, "सो आर वी मूव्हिंग, आई?" हो म्हटलं. "ग्रँड," म्हणाली, इथल्यासारखं 'ठीक आहे' या अर्थाने, आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिचं ग्रँड कसं असतं, तुला माहीत आहे.

खरं सांगू? जास्त राग माझाच येतो. त्या दिवशी मला हे घर हवं होतं. पण परक्या माणसासमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, म्हणून गप्प बसले. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, नितीन! तो निवांत चहात बिस्किट बुडवत होता.

उद्या शेअर्स विकते, येईल त्या भावाला; या घराला ते पैसे आता पुरणार नाहीत. स्वोर्ड्सला माझ्या ऑफिसजवळ छोटा फ्लॅट भाड्याने आहे, दुपारीच ऑनलाइन बघितलाय. इराला सांगेन की बाबा चुकला, आणि आईला ते तेव्हाच कळत होतं. दोन्ही सांगेन, वचन देते.

तुझी,
मेघना