सावकाशरावांचे ब्रेक

प्रिय बबडे,

तू फोनवर एकच प्रश्न विचारतेस आणि मी दर वेळी बगल देते. कधी गॅसवर दूध आहे म्हणते, कधी दाराशी कोणीतरी आलंय म्हणते. दूध नसतं आणि दाराशीही कोणी नसतं, हे तुला कळत असणारच, शेवटी माझीच लेक आहेस. तुझं आपलं एकच, वर्कशॉप सोड, आमच्याकडे कायमची राहायला ये, खोली तयार आहे, जावईबापूंनी स्वतः भिंतींना रंग दिलाय, पलंग तुझ्या गुडघ्यांना सोसेल एवढा उंच करून घेतलाय, आता काय ते हो की नाही सांग. इतक्या मायेने कोणी बोलावलं की माणसाला धड बोलता येत नाही, आणि फोनवर मी अडखळले की तू लगेच 'आई, बरं नाही का' सुरू करतेस. शिवाय तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, ही खास तुझ्या बाबांची देणगी. पत्राच्या मध्ये कोणाला तोंड घालता येत नाही, म्हणून लिहायला बसले. येणार की नाही ते शेवटी सांगते. आत्ताच पान उलटून बघू नकोस, मला माहीत आहे तू बघणार.

आधी कामाचं सांगते. तुला वाटतं आई अजून ट्रकखाली सरपटते आणि केसात ग्रीस भरून घरी येते. तसं राहिलं नाही गं. आता मोठ्या गाड्यांना सगळे डिस्कचे ब्रेक, हवेच्या दाबावर चालणारे. चाकाबरोबर लोखंडाची जाडजूड थाळी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना तिला घासून थांबवणारे पॅड, आणि दोन्ही पॅडना कवेत घेऊन बसलेला कॅलिपर. ड्रायव्हरने पाय दिला की हवा येते, आतला पॅड डिस्कवर दाबला जातो, आणि कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडलाही ओढून आणतो. सगळं त्या सरकण्यावर आहे. म्हणून गाडी सपाटीवर उभी करायची, चाकांखाली ठोकळे लावायचे, हातब्रेक सोडायला लावायचा आणि मग कॅलिपर धरून हलवून बघायचा. जरासा हलला तर ठीक. मुळीच हलला नाही तर पिना अडकल्या, खुळखुळा झाला तर पिना झिजल्या. मग पॅड किती उरलेत, डिस्कला चिरा पडल्यात का, पिनांवरच्या रबरी टोप्या फाटल्यात का, हवेच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, सगळं बघते. चीर काठापर्यंत गेली असेल तर डिस्क भंगारात, मग मालकांना कितीही तोंड वाकडं करू दे. जांभई देऊ नकोस, हे सांगण्याला कारण आहे.

आमच्या मालकांचा एक नियम तुला आठवत असेल. ब्रेक ज्याच्या हातचे, त्याने गाडीबरोबर पहिला उतार उतरायचा. वर्कशॉप टेकडीवर, खाली पुलापर्यंत वळणावळणाचा रस्ता. आपण बांधलेल्या ब्रेकवर बसायची छाती नसेल तर दुसऱ्याला कशाला बसवायचं, हे मालकांचं म्हणणं, आणि त्यात मला कधी खोट सापडली नाही. पुलाजवळ गाडी थांबली की मी खाली उतरून एकेका चाकाजवळ हात नेऊन बघते. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, घासत राहतोय. सगळी सारखी असली की ड्रायव्हर टाटा करून पुलावरून पुढे, आणि मी बसने परत वर. इतकी वर्षं या उतारावर मी तऱ्हेतऱ्हेचे ड्रायव्हर पाहिले. कोणी तोंडाने गाडी चालवतो, कोणी बाईमाणूस शेजारी बसलंय म्हणून उगाच वेग दाखवतो. तसल्यांना मी पहिल्या वळणाआधीच दम देते.

तर मागच्या वर्षी एक नवीन गिऱ्हाईक आलं. सिमेंट वाहणारी गाडी, वयाने माझ्याएवढे गृहस्थ, मिशा पांढऱ्या, शर्टाची सगळी बटणं लावलेली. गाडी फाटकातून आत आणायला एवढा वेळ लावला की चष्मेवाल्या फिटरने त्यांचं जागच्या जागी बारसं केलं, सावकाशराव. त्यांची तक्रार खरी होती, पुढचा डावा ब्रेक उशिरा धरत होता. चाक काढलं तर आतला पॅड झिजून संपत आलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हता. एका पिनेची टोपी फाटून आत धूळ-पाणी गेलं होतं आणि पिन गंजून बसली होती. पिना, टोप्या, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, उतार उतरलो. सगळी चाकं सारखी. मी बसची वाट बघायला निघाले तर म्हणाले, बसा, वर सोडतो. मी म्हटलं, तुमचा रस्ता पलीकडे आहे. तर म्हणाले, गाडी वळवायला इथे जागा चांगली आहे. मला ते जरा विचित्र वाटलं, पण गुडघे दुखत होते, बसले.

दोनेक आठवड्यांत स्वारी परत हजर. आवाज येतो म्हणे. मी चाकाला कान लावून बसले, गाडी पुढे-मागे करवली, कसला आवाज न् काय. पॅड काढून बघितले, परत बसवले, नियमाप्रमाणे उतार उतरलो, आणि हे परत मला वर सोडायला आले. पुढच्या खेपेला गाडी उजवीकडे ओढते. त्याच्या पुढच्या खेपेला पाय जड लागतो. बबडे, मला जेवण गोड लागेना. तुला माझा स्वभाव माहीत आहे, सापडत नाही असा दोष मला सहन होत नाही. एकदा तर मी चांगला चालता कॅलिपर उतरवून टेबलावर घेतला. पॅड झिजेल तसं अंतर आपोआप जुळवून घेणारा एक पेच आत असतो, तोच मधूनमधून दगा देत असेल असं माझ्या मनाने घेतलं. टेबलावर काही सापडेना, तेव्हा कॅलिपर परत गाडीवर चढवला, कारण तो पेच जागेवरच तपासायचा असतो आणि त्याला दोन माणसं लागतात. खाली एकाने पेच किंचित मागे फिरवून त्यावर पाना ठेवायचा, वर दुसऱ्याने ब्रेक दाबत-सोडत राहायचं, आणि दर दाबाला पाना आपोआप थोडा पुढे सरकतो का ते बघायचं. सावकाशराव वर बसले आणि मी खालून ओरडत होते, दाबा, सोडा, दाबा, सोडा. पाना शहाण्यासारखा सरकत होता. मी तरी परत परत दाबायला लावलं, आणि ते बापडे तक्रार न करता दाबत राहिले. चष्मेवाला आणि आमचा वेल्डर तेव्हा पाठ फिरवून उभे होते. मला वाटलं कामात आहेत, पण मेले तोंडात बोळे कोंबून हसत होते.

सगळ्या वर्कशॉपला कळलं होतं, फक्त मला सोडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी वेल्डरला राहवेना. मी पुन्हा एकदा ब्रेकचा हवेचा डबा, म्हणजे चेंबर, सोडवायला घेतला तेव्हा म्हणाला, बाई, किती दिवस गाडी तपासणार, आता जरा ड्रायव्हर तपासा की! मी हातातला पाना त्याच्यावर उगारला. पण डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि इतका राग आला म्हणतेस! कानशिलं तापली. उतारावर निघालो तशी मी सरळ विचारलं, खरं सांगा, या ब्रेकला काय होतंय? यांनी एक पूर्ण वळण घेतलं, गिअर खाली आणला, आणि मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, ब्रेकला काही होत नाही, तुम्ही शेजारी बसता म्हणून आणतो.

मी काय केलं असेल? लाजले? छे. पुलापर्यंत त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवता, तेही ब्रेकच्या नावाने? तुमच्या खोट्या तक्रारीपायी एखाद्या दिवशी खरी तक्रार कोणी मनावर घेणार नाही, मग खाली पुलावरच्या माणसांनी काय करायचं? आणि मी स्वतःला मठ्ठ समजत होते त्याचं काय? त्यांनी पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. शेवटी म्हणाले, बरोबर आहे, पुन्हा असं होणार नाही. पुलाजवळ मी उतरले, चाकांजवळ हात नेऊन बघितलं, सगळी सारखी, आणि धाडकन दार लावून बसने वर आले. पुन्हा आले नाहीत ते. शब्दाचे पक्के.

आता खरी गंमत ऐक. दिवस गेले, महिना गेला, आणि मी काम करता करता फाटकाकडे बघायला लागले. सिमेंटची गाडी रस्त्यावरून गेली की मान वर. दुसऱ्या ड्रायव्हरांबरोबर उतार उतरताना ते बोलत राहायचे आणि मला वाटायचं, गप्प बसणारं माणूस किती बरं असतं. तुझे बाबा गेल्यावर मी घर, तू, नोकरी या तीन गोष्टी धरून ठेवल्या आणि त्यातच माझं छान चाललं होतं, खोटं कशाला सांगू. तू लहान असताना मी घरी आले की दारातच अडवून आधी माझे हात हुंगायचीस, साबण लावलाय का बघायला, आणि मग मिठी मारायचीस. ती मिठी मला वर्षानुवर्षं पुरली. मला कोणाची वाट बघायची सवयच राहिली नव्हती. ती परत लागली तेव्हा आधी वाटलं तब्येत बिघडली.

मग एका रविवारी ते चालत घरी आले. गाडी नाही, तक्रार नाही, तीच सगळी बटणं लावलेली. दारातच उभे राहून म्हणाले, ब्रेक उत्तम आहेत, एवढंच सांगायला आलो. मला हसू आवरेना. चहा केला. तेव्हापासून दर रविवारी येतात. सडाफटिंग माणूस, भावंडांचे संसार उभे करता करता स्वतःचा राहून गेला, पण त्याचं रडगाणं नाही. कांदा माझ्याहून बारीक चिरतात. पत्ते खेळताना मात्र लबाडी करतात आणि पकडले गेले की भोळा चेहरा करतात. एकदा चहा पिता पिता त्यांची नजर तुझ्या बाबांच्या फोटोवर गेली आणि तिथेच राहिली. मी जरा अवघडले. तर म्हणाले, यांचा खिळा सैल झालाय, पडतील, ठोकून देऊ का? स्टुलावर चढले, फोटो अलगद उतरवला, काच रुमालाने पुसली, नवा खिळा ठोकला आणि लावून झाल्यावर खाली उतरून सरळ आहे का ते लांबून पाहिलं. मी आत जाऊन रडले, बबडे. दुःखाने नाही, ते मला तेव्हाच कळलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की राहायला मी येणार नाही. तू प्रेमाने केलेली ती खोली डोळ्यांसमोर येते आणि नाही लिहिताना हात अडतो, तरी लिहिते. आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. वाजंत्री नाही, पंगत नाही, नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करायच्या. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं, तुला विचारण्याआधीच म्हटलं, कारण तुझ्या परवानगीवर ढकललं असतं तर उद्या काही बिनसलं की तुझ्यावर ढकलत बसले असते. लोक या वयात काय हे म्हणतील, त्यांना मी बघून घेईन. तू म्हणालीस तर मात्र मला लागेल, फार लागेल. रडायचं असेल तर रड, भांडायचं असेल तर फोन कर, या वेळी दूध आहे म्हणून ठेवणार नाही. त्यांच्याकडून साक्षीदार म्हणून त्यांचा भाऊ आणि आमचे मालक सही करणार आहेत. माझ्या बाजूची जागा मी रिकामी ठेवली आहे. चष्मेवाला तयार आहे, वेल्डर तर कधीचा नवा शर्ट शिवून बसलाय, पण मी दोघांनाही नाही म्हणून सांगितलंय. तिथे मला तू हवी आहेस. तू येशील त्या दिवसाची तारीख घेऊ, तोवर आम्ही थांबतो. त्यांना घाई नाही, नाव कशावरून पडलं ते तुला सांगितलंच आहे. मला आहे.

तुझीच,
आई